अहेव मरण आणि कादंबरीतील विधवा

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याचा जो थोडासा भाग आज उभा आहे, त्याच्या शेजारीच वाणीविलास रुग्णालय आहे. म्हैसूरच्या महाराणी केंपनंजम्मण्णी ह्यांच्या 'वाणीविलास सन्निधान' ह्या बिरुदावरून त्याला हे नाव मिळाले. १९३५ पासून ते स्त्रियांचे व मुलांचे रुग्णालय म्हणून चालत आले आहे. मराठी वाचकाला मात्र हा परिसर अगदी निराळ्या कारणाने परिचित असतो. १६३८ नंतर शहाजीराजांचा दरबार ह्याच गावी भरत असे, आणि त्या दरबारातील जयराम पिंड्ये ह्या कवीचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य वि. का. राजवाडे ह्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्धीस आणले. त्या काव्यात जिजाईचा गौरव आहे, तो पतीला शोभणारी जाया म्हणून. त्या काळच्या बंगळुरात किती बायका बाजेवरून जिवंत उठत होत्या, हे दरबारी कवीने सांगावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. काव्याची ती प्रतिज्ञाच नव्हे. परंतु दोन-अडीच शतकांनी मराठीत जो वाङ्मयप्रकार जन्मास आला, त्याची प्रतिज्ञा नेमकी हीच होती की, घराच्या आत काय चालते ते आपण दाखवू. कादंबरीला हा प्रश्न विचारता येतो, आणि तो आजवर पुरेशा आग्रहाने विचारला गेलेला नाही.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून, म्हणजे १८५७ पासून, मराठी कादंबरीची नायिका विधवा आहे. तिचे केशवपन, तिचा कोंडमारा, तिच्या वाट्याला आलेले उरलेसुरले अन्न आणि उरलेसुरले आयुष्य, ह्यांचे चित्रण हा आपल्या सामाजिक कादंबरीचा कणा होय. समीक्षेनेही ह्या विधवेचा पाठपुरावा पुष्कळ केला आहे. तिच्या मागे आणखी एक स्त्री उभी आहे, तिच्याकडे मात्र लक्ष गेले नाही. एकोणिसाव्या शतकातील बालविधवा पुष्कळदा बिजवराची बायको असे. तो बिजवर झाला, कारण त्याची पहिली बायको मेली होती. ती विशीच्या आतबाहेर, बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणात, गेलेली असे. तिच्या जागी दहा-बारा वर्षांची दुसरी मुलगी आली. नवरा तिच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठा असल्याने तो तिच्या आधी जाणार, हे ओघानेच आले. म्हणजे ज्या दुःखाला कादंबरीने विषय केले, त्या दुःखाची सुरुवात दुसऱ्या एका स्त्रीच्या मृत्यूत आहे. आपल्या कादंबरीकारांनी गोष्ट मध्यापासून सांगितली आहे.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. 'करमणूक' पत्रातून १८९० पासून ती क्रमशः येऊ लागली. यमूची आई कथेच्या ओघात जाते आणि घरात दुसरी येते. यमूच्या पोरकेपणाचे जे चित्र हरिभाऊंनी काढले आहे, त्याची बरोबरी करणारे लेखन मराठीत फारसे नाही, हे निर्विवाद आहे. परंतु आईचा मृत्यू ह्या कथेत लेकीच्या दुःखाचे कारण म्हणून येतो. त्या मृत्यूला स्वतःची अशी कथा नाही. कादंबरी मिटल्यावर वाचकाच्या मनात राहते ते यमूचे केशवपन. यमूची आई कोण होती, तिला मरणाविषयी काय वाटले असेल, हे आठवण्यासारखे काही लेखकाने मागे ठेवलेले नाही. हरिभाऊंसारख्या करुणेच्या लेखकाकडून असे घडावे, ह्याचे नवल वाटते. देवलांच्या 'शारदे'ची स्थितीही ह्याहून निराळी नाही. भुजंगनाथाच्या हातात शारदेचा हात जाणार, ह्या भयाने प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. त्याच्या घरी आधी कोण नांदून गेली, हे विचारण्याची निकड नाटकाला वाटत नाही.

येथे बंगळूरचा एक संदर्भ उपयोगी पडतो. त्या काळी म्हैसूर संस्थानाचा कारभार बंगळुरातून चाले. ह्या संस्थानाने १८९४ मध्ये बालविवाहासंबंधी जो कायदा केला, त्यात दोन गोष्टींना मनाई होती. आठ वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे, ही पहिली. आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणे, ही दुसरी. ह्या दुसऱ्या कलमात 'शारदे'चे सारे कथानक आहे, आणि 'शारदा' रंगभूमीवर आली ती १८९९ मध्ये. कायद्याच्या रूक्ष भाषेला जे दिसले होते ते नाटककाराच्या प्रतिभेने जिवंत केले, असे म्हणावयास हरकत नाही. पण कायदा काय किंवा नाटक काय, दोघांचीही नजर येणाऱ्या मुलीवर आहे. तिच्यासाठी जागा रिकामी करून गेलेली स्त्री दोघांच्याही हिशेबात नाही.

असे का झाले? ह्याचे उत्तर लेखकांच्या निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे होईल. ते आपल्या भाषेत आणि तिने घडविलेल्या भावनेत आहे. 'अहेव मरण' हा शब्द मराठीत आशीर्वादासारखा वापरला गेला. कपाळावर कुंकू आणि हातात चुडा असताना गेलेली बाई भाग्याची; तिची ओटी भरली जाते, तिला हिरवे लुगडे नेसवतात, आणि शेजारणी तिच्या मरणाचा हेवा करतात. अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवते. स्त्रीच्या आयुष्यातील परम दुर्भाग्य वैधव्य हे एकदा ठरले, की वैधव्याआधी आलेला मृत्यू दुर्भाग्य म्हणून मोजला जाणे शक्यच नव्हते. मग तो मृत्यू सतराव्या वर्षी येवो, की मूल आडवे आल्याने तीन दिवस तळमळून येवो. सुधारकांनी वैधव्याच्या दुःखाविरुद्ध लेखणी उचलली, पण दुःखाची ही प्रतवारी त्यांनी जुन्या समाजाकडून जशीच्या तशी घेतली. सुधारणावादी कादंबरी ज्या परंपरेशी भांडली, तिच्याच मापाने तिने करुण रस मोजला.

लोकमानस ह्या बाबतीत सुशिक्षित लेखकांपेक्षा अधिक प्रामाणिक होते. अहेव मरणाची महती गाणाऱ्या त्याच समाजाने बाळंतपणात मेलेल्या बाईच्या भुताला वेगळी नावे दिली. कोकणात ती अळवंतीण, अन्यत्र कोठे हडळ. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक घालण्याची चाल होती. गेलेली बाई नव्या बाईला धरील, ही भीती त्यामागे होती. सटवाईची पाचवीची पूजा, बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेले लोखंड, बाजेखालची शेगडी, दहा दिवसांचे सोयर, ह्या साऱ्यांतून एकच जाणीव व्यक्त होते: हे दहा दिवस जिवावरचे आहेत. ह्या बाईला काही सांगावयाचे राहून गेले आहे आणि ते सांगण्यासाठी ती परत येईल, हे लोकांना ठाऊक होते. ओव्यांतून आणि भुताखेतांच्या गोष्टींतून तिला जागा मिळाली. छापील वाङ्मयात ती आली नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. बाळंतपणातील मृत्यू हा अपघात आहे, शोकात्मिका नव्हे, असे कोणी म्हणेल. शोकात्मिकेला संघर्ष लागतो, निवड लागते; ज्वराने मेलेल्या बाईने काय निवडले? ह्या आक्षेपाचे पहिले उत्तर असे की, नऊ वर्षांच्या विधवेनेही काही निवडलेले नसते, तरी आपण तिच्या कथेला शोकात्म म्हणतो. दुसरे उत्तर इतिहासातून मिळते. अपघात हा क्वचित घडणारा असतो. १९४६ मध्ये भोर समितीने हिंदुस्थानासाठी जो अंदाज दिला, तो दर हजार जिवंत जन्मांमागे वीस मातांच्या मृत्यूचा होता. वर्षाला सुमारे दोन लक्ष स्त्रिया. सहा-सात किंवा आठ बाळंतपणे होणाऱ्या स्त्रीपुढे हा धोका प्रत्येक खेपेस नव्याने उभा राही. १९५१ ते १९६१ ह्या दशकात भारतीय पुरुषाचे सरासरी आयुर्मान ४१.९ वर्षे होते, तर स्त्रीचे ४०.६. बहुतेक देशांत स्त्री पुरुषापेक्षा अधिक जगते. आपल्याकडे हा क्रम सुधारावयास १९८० नंतरचे दशक उजाडले. जो मृत्यू प्रत्येक आळीत, प्रत्येक घराण्याच्या वंशावळीत आहे, त्याला अपघात म्हणून बाजूला सारता येत नाही.

ह्या मृत्यूने राजा-रंक हा भेदही फारसा केला नाही. १६३१ मध्ये बऱ्हाणपुरास, म्हणजे खानदेशाच्या उंबरठ्यावर, मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. तिच्या स्मारकाकडे सारे जग पाहते, आणि तेथेही डोळ्यांत भरते ते पतीचे प्रेम. स्त्रियांच्या हक्कांचा ग्रंथ लिहिणारी मेरी वुल्स्टनक्राफ्ट १७९७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी सूतिकाज्वराने लंडनमध्ये वारली. हात धुण्याच्या साध्या उपायाने हा ज्वर टळतो, हे व्हिएन्नाच्या झेमेलवाइसने १८४७ मध्ये दाखवून दिले, तरी वैद्यकाला ते पटावयास पुष्कळ वर्षे जावी लागली. १९३५ नंतर सल्फा औषधे आली, तेव्हा कोठे हा ज्वर आटोक्यात आला. आपल्याकडे आनंदीबाई जोश्यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियास पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसच जगले होते. प्रबंधाच्या विषयामागे हा अनुभव होता, हे सांगावयास चरित्रकाराची गरज नाही. पुढच्याच वर्षी, बाविसावे पुरे होण्याच्या आत, त्या क्षयाने गेल्या. आनंदीबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या लेखनाचा भर परदेशगमन, पतीचा हट्ट आणि अकाली अंत ह्यांवर आहे. त्यांनी अभ्यासासाठी बाळंतिणीचीच खोली का निवडली, ह्याचा विचार त्या मानाने थोडा.

कर्वे पितापुत्रांच्या जीवनात ही सारी साखळी एकत्र दिसते. धोंडो केशव कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. हा मृत्यू बाळंतपणातला होता, अशी नोंद रघुनाथरावांच्या चरित्रवृत्तांतांत आढळते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केला आणि तो महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रकरण ठरला. न्यायमूर्ती रानड्यांवर वीस वर्षांपूर्वी जो ठपका आला होता, त्याचे हे जणू उत्तर होते. पहिली पत्नी गेल्यावर १८७३ मध्ये रानड्यांनी विधवेशी लग्न न करता अकरा वर्षांच्या रमाबाईंशी केले होते. गोदूबाईंनी पुढे, आनंदीबाई कर्वे ह्या नावाने, 'माझे पुराण' लिहिले. म्हणजे विधवेला आपली कथा सांगण्याची संधी शेवटी मिळाली. राधाबाईंचे पुराण कोणी लिहिले नाही. पण त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा रघुनाथ मोठा झाला आणि १९२१ मध्ये मुंबईत त्याने संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२७ पासून मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, आणि अश्लीलतेचे खटले सोसले. आईच्या मृत्यूतून मुलाचे कार्य निघाले, असे सरळ सूत्र मांडणे धाडसाचे होईल. तरीही कर्व्यांच्या गद्याचा कोरडेपणा, भावविवशतेचा त्यांना असलेला तिटकारा, शरीराच्या व्यापारांना सरळ नावाने हाक मारण्याचा हट्ट, हे गुण केवळ फ्रेंच वाचनातून आले असे वाटत नाही. अहेव मरणाच्या गोड शब्दांनी जे झाकले होते, ते उघडे करावयास असेच गद्य हवे होते. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी ह्या लेखकाला सुधारकांच्या रांगेत बसवून शैलीच्या प्रकरणातून वगळले, ही एक मोठीच चूक होय.

मुंबईत ज्या विचारासाठी कर्व्यांना न्यायालयात उभे राहावे लागले, तोच विचार म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी हुकुमाने स्वीकारला आणि बंगळूर व म्हैसूर येथील सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडली. सरकारने चालविलेली अशी केंद्रे जगात ह्याआधी नव्हती, असे सांगितले जाते. ज्या प्रदेशात हे घडले, त्याच्या भाषेतील कादंबरी ह्या विषयाकडे कशी पाहते, हे पाहणे मराठी समीक्षेला बोधप्रद ठरेल. ह्या ठिकाणी एम. के. इंदिरा ह्यांची 'फणियम्मा' (१९७६) ही कादंबरी विचारात घ्यावी लागते. लेखिका मलनाडातील तीर्थहळ्ळीच्या. त्यांनी लेखन सुरू केले तेच मुळी चाळिशी ओलांडल्यावर. फणियम्मा ही त्यांच्या नात्यातली खरी स्त्री. तिची हकीकत लेखिकेने आपल्या आईच्या तोंडून ऐकली होती. नवव्या वर्षी लग्न, थोड्याच दिवसांत सर्पदंशाने पतीचा मृत्यू, वयात येताच केशवपन, आणि नंतर १८४० पासून १९५२ पर्यंत पसरलेले एकशे बारा वर्षांचे आयुष्य.

ह्या वयाचा आकडा वाचकाने नीट लक्षात घ्यावा, कारण कादंबरीचा सारा अर्थ त्यात आहे. फणियम्मा घरातल्या आणि गावातल्या बायकांच्या बाळंतपणांना जाते. तिचे हात बारीक आहेत, मन स्थिर आहे. एका अस्पृश्य घरी बाई अडते, तेव्हा सोवळ्यातली ही वृद्धा तेथेही जाऊन तिला मोकळी करते. ज्या क्रियेपासून समाजाने तिला जन्मभर दूर ठेवले, त्याच क्रियेत ती इतरांना हात देते, ह्या विरोधाकडे समीक्षकांचे लक्ष गेलेले आहे. त्याखाली आणखी एक विरोध आहे. फणियम्माभोवतीच्या सवाष्णी लागोपाठ बाजेवर जातात. त्यांतल्या काही उठतात, काही उठत नाहीत. सर्वांच्या दृष्टीने अभागी असलेली ही बाई मात्र शतक ओलांडून जाते. तिला जगविले ते तिच्या दुर्भाग्याने. समाजाने स्त्रीच्या नशिबाची जी प्रतवारी लावली होती, ती येथे पुरती उलटी झाली आहे. आणि हे लेखिकेने कोठेही भाष्य करून सांगितलेले नाही. वर्षे मोजीत कथा पुढे सरकते, आणि मोजदाद वाचकाकडून होते. 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये वैधव्य हा शेवट आहे. 'फणियम्मा'मध्ये वैधव्य ही सुरुवात आहे, आणि त्या उंचवट्यावरून पाहिल्यामुळेच लेखिकेला संसारी स्त्रियांचे मरण दिसते.

कादंबरी निर्दोष नाही. फणियम्माला साध्वीच्या पदाला नेण्याचा मोह इंदिरा ह्यांना आवरलेला नाही. तिच्या मनात एखादा तरी कडू क्षण असावा अशी अपेक्षा वाचक शेवटपर्यंत करीत राहतो. प्रसंगांची गुंफण सैल आहे, आणि मध्यंतरी कुटुंबवृत्तांत कथेवर कुरघोडी करतो. केशवपनास नकार देणाऱ्या तरुण दाक्षायणीच्या पाठीशी फणियम्मा उभी राहते, तो भाग सुधारकी कादंबरीच्या ठशातला आहे, जरी त्या ठिकाणी वृद्धेच्या तोंडचे बोलणे ठसठशीत उतरले आहे. १९८३ मध्ये प्रेमा कारंत ह्यांनी ह्या कथेवर चित्रपट केला. चित्रपट पुष्कळांनी पाहिला आणि विधवेच्या छळाची कथा म्हणून वाखाणला. ती कथा बाळंतपणाचीही आहे, हे तेथेही काहीसे मागे पडले.

'फणियम्मा'च्या आधी काही वर्षे कन्नडमध्ये ह्या विषयाला दुसऱ्या बाजूने हात घातला गेला होता. त्रिवेणी ह्या नावाने लिहिणाऱ्या अनसूया शंकर ह्यांची 'शरपंजर' ही कादंबरी प्रसूतीनंतर मनोविकार जडलेल्या कावेरीची कथा सांगते. बारशाच्या पेढ्यांनी जो भाग संपतो असे आपण समजतो, तेथे त्रिवेणी कथा सुरू करतात. रोग बरा होतो, बाई घरी परतते. पण घर तिला परत घेत नाही. नवऱ्याचे मन दुसरीकडे गेलेले, शेजाऱ्यांच्या नजरा बदललेल्या, तिच्या साध्या बोलण्यालाही वेडाची छटा चिकटलेली. अळवंतिणीची जी कथा लोकांनी भुताच्या रूपात सांगितली, तीच येथे आधुनिक मध्यमवर्गीय घरात आली आहे: बाळंतपणातून परतलेली बाई, आणि तिला भिणारे तिचेच घर. मानसशास्त्राच्या परिभाषेवरील विश्वास ह्या कादंबरीत काही ठिकाणी जरा अधिक झाला आहे. डॉक्टरांचे संवाद आज फिके वाटतात. पण घरी परतलेल्या कावेरीची प्रकरणे वाचताना ह्या उणिवा मनात राहत नाहीत. मराठीत बाळंतपणानंतरच्या स्त्रीमनाची अशी सलग, धीट कादंबरी दाखवावयाची झाली तर हात चाचपडू लागतो.

त्रिवेणींनी सुमारे वीस कादंबऱ्या लिहिल्या. २९ जुलै १९६३ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मुलीच्या जन्मानंतर दहा दिवसांनी, म्हैसुरात त्या वारल्या. तोवर सल्फा आणि पेनिसिलिन आलेली होती आणि झेमेलवाइसचा उपदेश जगभर मान्य झाला होता; रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकून त्यांचा अंत झाला. 'शरपंजर' ही ह्या मृत्यूची पूर्वसूचना होती असे म्हणण्याचा मोह समीक्षकाने टाळावा. लेखिकेने काल्पनिक स्त्रीविषयी लिहिले होते, आणि ते अभ्यासपूर्वक लिहिले होते. तिच्या परिचयलेखात मात्र 'अकाली निधन' एवढे दोन शब्द लिहून पुढे जाणे, हे यमूच्या आईला एका परिच्छेदात संपविण्यासारखेच आहे. मराठी अनुवादकाने जर कधी 'शरपंजर' हाती घेतली, तर प्रस्तावनेत त्या दहा दिवसांना त्यांच्या नावाने जागा द्यावी.